वकील मंडळी केएम सिस्टीम उघडतच नाहीत, काय करावं?

अर्धवकील | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून लिहितेय.

आठ वर्षं वकिली केली आणि गेली तीन वर्षं एका मध्यम आकाराच्या लॉ फर्ममध्ये नॉलेज मॅनेजमेंट (केएम) बघते. म्हणजे फर्मचे चांगले मसुदे, अभिप्राय, रिसर्च नोट्स, कुठल्या प्रकरणात कोणी काय केलं होतं, हे एका जागी नीट लावून ठेवायचं. एकाने केलेलं काम दुसऱ्याने पुन्हा पहिल्यापासून करू नये, एवढाच हेतू. मागच्या वर्षी नवी सिस्टीम घेतली. खरंच चांगली आहे. सर्च चांगला, मेल तिच्यातच साठवता येतात, मसुद्याच्या जुन्या आवृत्त्या काढता येतात. ट्रेनिंग झालं, माउसपॅड वाटून झाले, मॅनेजिंग पार्टनरचा "हे आपल्या सगळ्यांच्या फायद्याचं आहे" छाप मेलही जाऊन झाला.

काल वापराचे आकडे काढले. लॉगिन सगळ्यांचं रोज होतं, कारण ते आपोआप होतं. सर्च करतो आम्ही तिघं, मी आणि दोन ट्रेनी. बाकीचे काय करतात? ग्रुपवर मेल टाकतात. "कोणाकडे चांगला शेअरहोल्डर करार आहे का? अर्जंट." अर्ध्या तासात चार जण आपापल्या डेस्कटॉपवरच्या चार वेगळ्या फाइली पाठवतात. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

कहर पुढे आहे. सेव्ह करताना कायद्याचा विषय निवडावा लागतो, त्याशिवाय खिडकी बंद होत नाही. ती यादी इंग्रजी वर्णक्रमाने लागलेली, त्यामुळे सगळ्यात वर 'ॲडमिरल्टी', म्हणजे जहाजांचा कायदा. आमच्या फर्मने आजवर एका होडीचंही काम केलेलं नाही. तरी निम्म्याहून जास्त कागद ॲडमिरल्टीखाली आहेत. भाडेकरार, मृत्युपत्रं, नोकरीचे वाद, सगळं समुद्रात.

तर प्रश्न असा: जिथे लोक असली सिस्टीम खरोखर वापरायला लागले, तिथे नेमकं काय केलं होतं? "वरून आदेश काढा" हे सोडून सांगा. तो काढून झालाय.

तिरकीनजर | सोमवार, रात्री १०:२०

सगळं समुद्रात =))

एवढं पाणी शिरूनही कॅप्टन जहाज सोडत नाही याचं कौतुक. रुमाल टाकून ठेवतो.

रेडलाइन | सोमवार, रात्री ११:४८

तुमच्या त्या 'बाकीच्यां'पैकी मी एक. सीनियर असोसिएट, नववं वर्ष. आत्ताच एक करार समोरच्या पार्टीला पाठवून बसलोय, म्हणून थोडं तिखट होईल, माफ करा.

माझा दिवस सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यांत कापलेला आहे. टाइमशीटवर ०.१ तास म्हणजे एक तुकडा. वर्षाच्या शेवटी माझं मूल्यमापन ह्या तुकड्यांच्या बेरजेवर होतं. तुमच्या सिस्टीममध्ये एक मसुदा नीट टॅग करून, वर चार ओळींची नोंद लिहून ठेवायची म्हणजे दोन-तीन तुकडे जातात. ते कोणाच्या खात्यावर टाकू? क्लायंटच्या टाकता येत नाहीत, टाकूही नयेत. म्हणजे ते माझ्या झोपेतून जाणार.

उलट ग्रुपवरच्या मेलला वीस सेकंद लागतात, आणि उत्तर माणसासकट येतं. "हा घे, पण नववं कलम जसंच्या तसं उचलू नकोस, समोरच्यांनी शेवटच्या रात्री आमच्या गळ्यात मारलं होतं." हे वाक्य तुमच्या सिस्टीममध्ये कुठल्या रकान्यात सापडतं ते सांगा, मी उद्यापासून वापरतो.

अर्धवकील | सोमवार, रात्री ११:५५

रकाना आहे हो. 'शेरा' नावाचा. सगळ्या कागदांवर रिकामा आहे.

कोडगा | मंगळवार, सकाळी ८:३१

मी वकील नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. दोन लॉ फर्म्सना अशा सिस्टीम बसवून दिल्यात आणि दोन्हीकडून शिव्या खाल्ल्यात, त्या अधिकारात बोलतो.

पहिली गोष्ट, तो सक्तीचा रकाना आज दुपारपर्यंत काढा. सक्तीचा रकाना चुकीची माहिती गोळा करायचं यंत्र असतं. माणसाला पुढे जायचं असतं, तो सगळ्यात वरचं बटण दाबतो. रिकामा रकाना निदान खरं बोलतो.

दुसरी, वकील दिवसभर दोनच ठिकाणी राहतात, वर्ड आणि आउटलुक. त्यांना तिसरी खिडकी उघडायला लावलीत की खेळ खलास. आम्ही पहिल्या फर्ममध्ये फार देखणं पोर्टल केलं होतं. पहिल्या पानावर बातम्या, वाढदिवस, फिरती चित्रं. वाढदिवस बघायला लोक यायचे. दुसऱ्या फर्ममध्ये वर्डच्या उजव्या कडेला एक अरुंद पट्टी दिली. कलम सिलेक्ट करा, त्यासारखी फर्ममधली जुनी कलमं पट्टीत दिसतात. देखणं काहीच नव्हतं. पण तेच वापरलं गेलं.

आणि हे माझ्या मनचं नाही. फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये तपासलं होतं की लोक एखादी सिस्टीम का स्वीकारतात. वापरायला सोपी वाटणं आणि उपयोगाची वाटणं ह्या दोन्हीचा परिणाम होतो, पण त्यांच्या अभ्यासात उपयोगाचं पारडं जड निघालं. आम्ही सॉफ्टवेअरवाले नेमकं उलटं करतो, बटणं गोल करत बसतो.

शांतीपर्व | मंगळवार, सकाळी ९:१५

चेंज मॅनेजमेंटमध्ये काम करत असल्याने थोडं लिहितो. एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ मध्ये मांडलेली पाच अंगं इथे फार उपयोगी पडतात: जुन्यापेक्षा फायदा किती, आपल्या सवयींशी जुळतं का, किती किचकट आहे, थोडं वापरून बघता येतं का, आणि दुसऱ्याचा झालेला फायदा आपल्या डोळ्यांना दिसतो का. लॉ फर्ममध्ये पाचवं अंग कायम लंगडं असतं. एखाद्याने जुनी नोंद सापडल्यामुळे चार तास वाचवले तर ते कोणालाच दिसत नाही. त्यामुळे प्रत्येक विभागात एक 'चॅम्पियन' नेमावा, त्याने आपल्या यशकथा...

तिरकीनजर | मंगळवार, सकाळी ९:१८

चार तास वाचवले म्हणजे चार तासांचं बिल गेलं. पाचवं अंग लंगडं नाही हो, ते लपून बसलंय.

शांतीपर्व | मंगळवार, सकाळी ९:४०

तिरके, हसण्यावारी नेलंत तरी मुद्दा खरा आहे. तासावर बिल घेणाऱ्या कामात वेळ वाचवणं हा वकिलाचा फायदा नसतोच. ठरलेल्या फीच्या कामात असतो. म्हणून सुरुवात ठरलेल्या फीवाल्या टीमपासून करावी. तिथे वाचलेला प्रत्येक तास फर्मच्या खिशात राहतो, तिथल्या पार्टनरला पटवावं लागत नाही.

रेडलाइन | मंगळवार, दुपारी १:०५

हे पहिल्यांदा काहीतरी कामाचं वाचलं. चॅम्पियन मात्र नको. आमच्याकडे नेमला होता. ज्याचे तास कमी भरत होते त्यालाच नेमला, मग तास आणखी कमी भरले. सध्या तो दुसऱ्या फर्ममध्ये आहे.

ग्रंथपाल_मीच | मंगळवार, दुपारी २:३०

धागा माझ्या दुखऱ्या नसेवर आहे, तेव्हा लांबलचक लिहिणार. बावीस वर्षं लॉ फर्मच्या लायब्ररीत काढलीत.

रेडलाइन म्हणतात ते नववं कलम हा सगळ्याचा गाभा आहे. सही झालेला करार म्हणजे चांगला करार नव्हे. त्यात वाटाघाटीत सोडून दिलेलं सगळं असतं. कुठे क्लायंटला घाई होती, कुठे समोरची पार्टी जबर होती, कुठे कोणी दमून 'जाऊ दे' म्हटलं होतं. फर्मचे सगळे सही झालेले करार एका ढिगात ओतले आणि त्याला नॉलेज म्हटलं, तर पुढच्या माणसाला आपण आपल्या जुन्या तडजोडी वाढून देतोय. त्याची वाटाघाट सुरू होण्याआधीच अर्धी हरलेली.

म्हणून मी दोन कप्पे केले. एकात जे जे झालं ते सगळं, आपोआप जमा होणारं, त्याला कोणी हात लावायचा नाही. दुसऱ्यात मोजके, निवडलेले, साफ केलेले नमुने. प्रत्येकावर तो कोणी तपासला त्याचं नाव आणि शेवटचं कधी तपासला ती तारीख. दुसरा कप्पा लहान ठेवला. मोठा झाला की त्याचा पहिला कप्पा होतो.

आणि ही निवड चालू कामातल्या वकिलाकडून होत नाही, हे मी मान्य करून टाकलंय. लंडनच्या मोठ्या फर्म्सनी १९९० च्या दशकातच हे ओळखून प्रोफेशनल सपोर्ट लॉयर नावाची जागा काढली. शिकलेला, अनुभवी वकील, पण बिलं करायची नाहीत, फक्त फर्मचं नो-हाऊ सांभाळायचं. १९९० मध्ये तिथे सुरू झालेली प्रॅक्टिकल लॉ कंपनी तर हेच काम सगळ्या फर्म्ससाठी बाहेरून विकायला लागली, २०१३ मध्ये ती थॉमसन रॉयटर्सने घेतली. लोक पैसे मोजतात ते राखलेल्या नमुन्याला, ढिगाला कोण मोजेल?

नवीनच | मंगळवार, संध्याकाळी ६:२२

मी ट्रेनी आहे, पहिलंच वर्ष. मोठ्या लोकांत बोलू की नको असं झालं होतं, पण ग्रंथपालताईंचं वाचून लिहावंसं वाटलं.

आम्ही सर्च करतो हे खरं आहे. चाळीस निकाल येतात. त्यातला कुठला बरा हे मला कसं कळणार? सगळ्यांची नावं जवळपास सारखी. विचारायला जावं तर "सिस्टीममध्ये बघ ना" म्हणतात. बघितलं म्हणून तर आले!

तिसऱ्या महिन्यात मी असाच एक पुरवठा करार काढला, नावं बदलली, तारखा बदलल्या, दोनदा वाचला आणि सीनियरना दिला. त्यांनी वरवर बघून पाठवला. चौदाव्या कलमात, मधल्या एका वाक्यात, जुन्या क्लायंटचं नाव राहिलं होतं. फाइंड-रिप्लेसमध्ये सुटलं, कारण तिथे ते दोन ओळींत तुटलेलं होतं, मध्ये कोणीतरी एंटर मारलेला. समोरच्या वकिलांचा एका ओळीचा मेल आला, "हे कोण?" अजून तो मेल आठवला की कान तापतात.

त्यानंतर मी पण डेस्कटॉपवर स्वतःचे दहा करार ठेवलेत. मला माहीत आहेत ते स्वच्छ आहेत.

कोडगा | मंगळवार, संध्याकाळी ६:४०

नवीनच, कान सगळ्यांचे तापतात, तुमचे लवकर तापून मोकळे झाले. पण बघा मंडळी, ही एक वर्षाची ट्रेनी आत्ताच डेस्कटॉपवाली झाली. 'जुने लोक तंत्रज्ञान वापरत नाहीत' ह्यात काही अर्थ नाही. विश्वास नसला की वय विचारत नाही.

जुनापुराणा | मंगळवार, रात्री ९:५०

मी पार्टनर आहे... चौतीस वर्षं झाली... तुम्ही ज्यांच्या नावाने बोटं मोडताय तो मीच...

सरळच सांगतो. माझ्याकडे एका विशिष्ट प्रकारच्या व्यवहाराचे मसुदे आहेत, पंचवीस वर्षांत घासून घासून केलेले. त्या कामासाठी क्लायंट माझ्याकडे येतात, फर्मकडे नाही. नफ्यातला माझा वाटा मी कोणाला आणलं यावर ठरतो. आता तुमची केएमवाली मुलगी येऊन म्हणते, सर, सगळं कपाट उघडा. का उघडू? झाकली मूठ सव्वा लाखाची...

मी दुष्ट नाही. ज्युनियर दारात येऊन उभा राहिला तर मी त्याला तासभर बसवून शिकवतो, मसुदाही देतो. कारण तेव्हा मला दिसतं कोणाला दिला आणि तो काय करणार आहे त्याचं. यंत्रात टाकला की कोणीही उचलतो, अर्धवट वापरतो, आणि चूक झाली की म्हणतो सरांचा फॉरमॅट होता...

मुक्तछंद | मंगळवार, रात्री १०:१५

काका, मी तुमच्यासारख्यांच्या क्लायंटच्या बाजूला बसते, कंपनीत इन-हाऊस. थोडं ऐकून घ्या.

तुमच्या मुठीचे पैसे आम्ही आनंदाने देतो. पण तुमच्या ज्युनियरने तोच मसुदा कोऱ्या पानावरून पुन्हा केल्याचे तासही बिलात दिसतात, ते आम्ही आता कापतो. नवीन फर्म निवडताना आम्ही विचारतो, असं काम आधी किती वेळा केलंय, त्यातून काय साठवलंय, दाखवा. दाखवता येत नाही ती फर्म महाग वाटते.

मात्र एक उलटी बाजूही आहे, ती केएमवाल्या नेहमी विसरतात. आमच्या कंपनीचे कागद तुमच्या फर्ममधल्या प्रत्येकाला दिसावेत हे आम्हाला मंजूर नाही. २०१६ मध्ये पनामाच्या मोसॅक फोन्सेका ह्या फर्ममधून १ कोटी १५ लाख कागद बाहेर आले, २०१८ मध्ये फर्मच बंद झाली. असली उदाहरणं समोर असताना आम्ही फर्मला पहिला प्रश्न विचारतो तो हा, की आमच्या फाइली कोणाकोणाला उघडता येतात?

ग्रंथपाल_मीच | मंगळवार, रात्री १०:५०

मुक्तछंद, अगदी. पूर्वी बहुतेक फर्म्समध्ये सगळं उघडं असायचं आणि लागेल ती फाइल बंद करायचे. आता क्लायंटच्या धाकाने उलटं होतंय, सगळं बंद, लागेल त्याला उघडायचं. मग सर्चमध्ये ज्याला त्याला आपलंच काम दिसतं. आपलं आपल्याला माहीतच असतं! मग सर्च कशाला करेल कोणी?

म्हणूनच तो दुसरा, लहान कप्पा. नावं, रकमा, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलेला नमुना सगळ्यांना दिसला तर गोपनीयतेची भिंत मोडत नाही. वेळखाऊ काम आहे. नवीनच यांच्या चौदाव्या कलमासारखं काहीतरी प्रत्येक फाइलमध्ये दबा धरून बसलेलं असतं. एकदा तर नाव सगळीकडून काढलं आणि तळटीपेत लोगो राहिला.

व्युत्पत्तीवाला | बुधवार, सकाळी ७:०५

अवांतर: 'नॉलेज मॅनेजमेंट'ला ज्ञानव्यवस्थापन म्हणतात, पण वर जे चाललंय ती माहिती आहे, ज्ञान नव्हे. करार ही माहिती. "नववं कलम उचलू नकोस" हे ज्ञान.

तिरकीनजर | बुधवार, सकाळी ७:३०

आणि नववं कलम उचलून तोंडावर पडणं हा अनुभव. त्याचं व्यवस्थापन कोण करतं? एचआर?

व्युत्पत्तीवाला | बुधवार, सकाळी ७:४४

हसा. पण तत्त्वज्ञ मायकेल पोलान्यी म्हणायचे त्याचा आशय हाच होता, की माणसाला सांगता येतं त्यापेक्षा माहीत जास्त असतं. नोनाका आणि ताकेउची ह्या जपानी व्यवस्थापन-अभ्यासकांनी १९९५ मध्ये त्यावरच पुढचा डोलारा उभा केला, न सांगता येणारं ज्ञान सांगता येण्याजोगं कसं करायचं. जुनापुराणा काका दारात उभ्या ज्युनियरला तासभर बसवतात, त्यात काका काय देतात हे काकांनाही पूर्ण सांगता येणार नाही.

जुनापुराणा | बुधवार, सकाळी ८:१०

हे पटलं...

अर्धवकील | बुधवार, सकाळी ९:०२

काका, तुमचा प्रतिसाद रात्री दोनदा वाचला. आमच्याकडेही एक 'तुम्ही' आहात. आजवर मी त्यांच्याकडे मसुदे मागत होते. तुम्ही म्हणता तसं, मसुद्याऐवजी तो तासच मागितला तर?

शांतीपर्व | बुधवार, सकाळी ११:२०

हे झेरॉक्समध्ये झालंय. त्यांच्या संशोधन केंद्रातले ज्युलियन ऑर मानववंशशास्त्राच्या अंगाने मशीन दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर फिरले. लक्षात आलं की अवघड बिघाड मॅन्युअल वाचून सुटत नाहीत, एकमेकांना किस्से सांगत सुटतात. पुढे १९९० च्या दशकात त्यांच्या तिथे 'युरेका' नावाची सिस्टीम आली. तंत्रज्ञाने आपली युक्ती लिहायची, बरोबरीच्या तंत्रज्ञांनी तपासायची, आणि युक्तीवर लिहिणाऱ्याचं नाव राहायचं. पैशापेक्षा त्या नावाचं आकर्षण मोठं ठरलं.

काकांच्या मसुद्यावर काकांचं नाव आणि 'वापरण्याआधी फोन करा' अशी ओळ टाकली तर मूठ झाकलेलीच राहते, फक्त कोणाची आहे ते सगळ्यांना कळतं.

तिरकीनजर | बुधवार, सकाळी ११:२५

शांतीपर्व, तुम्ही आज चक्क एकही इंग्रजी चौकट काढली नाहीत. तब्येत बरी आहे ना?

उद्याचाबॉट | बुधवार, दुपारी १२:५०

पूर्ण धागा वाचला नाही, पण एवढा खटाटोप का? एआय लावा. टॅग नको, कप्पे नको, प्रश्न विचारा, उत्तर घ्या. दोन वर्षांत केएम हा शब्दच राहणार नाही.

रेडलाइन | बुधवार, दुपारी १:१०

२०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात माता (हे आडनाव) विरुद्ध एव्हियांका (विमान कंपनी) प्रकरणात वकिलांनी असंच उत्तर घेतलं होतं. चॅटजीपीटीने अस्तित्वातच नसलेले निवाडे दिले, यांनी ते तसेच दाखल केले. ५,००० डॉलर दंड झाला. दंड सोडा, नाव झालं ते वेगळंच.

कोडगा | बुधवार, दुपारी १:३०

तो सार्वजनिक चॅटबॉट होता, उद्याचाबॉट म्हणतायत ते फर्मच्या स्वतःच्या कागदांवर चालणारं. ते शक्य आहे, आम्ही करून बघतोय. पण आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आमच्या चाचणीत एआयने अत्यंत आत्मविश्वासाने एक नुकसानभरपाईचं कलम सुचवलं. उत्तम भाषा. शोधलं तर ते समोरच्या पार्टीने पाठवलेल्या मसुद्यातलं निघालं, आपल्या क्लायंटच्या बरोबर विरुद्ध हिताचं. यंत्राला काय, दोन्ही आपल्याच फोल्डरमध्ये!

टंकनिका | बुधवार, संध्याकाळी ५:४५

मी लीगल सेक्रेटरी आहे. एकोणीस वर्षं, तीन पार्टनरांची कामं बघते. दोन दिवस धागा वाचतेय आणि वाट बघतेय कोणीतरी विचारेल म्हणून. कोणी विचारलं नाही, मीच लिहिते.

पार्टनर काही सेव्ह करत नाहीत. सेव्ह आम्ही करतो. सर हाताने दुरुस्त्या करून कागद माझ्या टेबलावर टाकतात, मी टाइप करते, मी नंबर टाकते, मी पाठवते. मेल फाइलला लावायचे तेही मीच. तुमच्या त्या वापराच्या आकड्यांत सरांच्या नावावर जे दिसतं ते निम्मं माझं आहे, कारण मी त्यांच्याच लॉगिनवर असते.

तुमच्या ट्रेनिंगला सेक्रेटरींना बोलावलं होतं का, अर्धवकील ताई? आमच्याकडे नव्हतं बोलावलं. वकिलांना दोन तास शिकवलं, ते फोनवर होते. मला दुसऱ्या दिवशी सरांनी सांगितलं, "ते काहीतरी नवीन आलंय, बघून घे."

आणि आमच्या सिस्टीममध्येही असाच विषयाचा रकाना आहे, आणि सगळ्यात वरचा पर्याय मीच निवडते. मुद्दाम नाही. सर दारात उभे असतात, कुरिअरवाला खाली असतो, आणि ती खिडकी बंद होत नाही. विषय कुठला ते मला चांगलं माहीत असतं, पण यादीत चौऱ्याऐंशी पर्याय आहेत आणि त्यात टाइप करून शोधता येत नाही, नुसतं खाली सरकावं लागतं. आमच्या कामाचा विषय एकाहत्तरावा आहे. मोजलाय.

तिरकीनजर | बुधवार, संध्याकाळी ५:५२

_/\_

ग्रंथपाल_मीच | बुधवार, संध्याकाळी ६:१०

टंकनिका, बावीस वर्षांत मीही विचारलं नाही. मान खाली.

रेडलाइन | बुधवार, रात्री ८:३०

आमच्या मजल्यावरच्या सेक्रेटरीबाईंना कुठलाही जुना करार तोंडी विचारला की नंबरासकट सांगतात. आम्ही ग्रुपवर मेल टाकतो ना, त्यातली निम्मी उत्तरं त्या फाइली शोधून देतात म्हणून येतात. म्हणजे केएम सिस्टीम आमच्याकडे आधीपासून होती.

अर्धवकील | बुधवार, रात्री ९:१५

नाही बोलावलं होतं. यादी मीच केली होती, "फी कमावणारे" असा फिल्टर लावून. उद्या सकाळी त्यांच्या शेजारी जाऊन बसते. नंतर लिहीन.

नवीनच | गुरुवार, सकाळी १०:०३

ताई, नक्की लिहा. असे धागे पुढे गायब होतात.

अर्धवकील | एकोणीस दिवसांनंतर, रात्री १०:४०

गायब झाले नव्हते, बसले होते. आठवडाभर रोज सकाळी दोन तास सेक्रेटरींच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून, काहीही न शिकवता, नुसती बघत.

पहिल्याच दिवशी एकीने मला तिची वही दाखवली. शाळेची असते तशी लांब वही, बारा वर्षांची. कुठल्या सरांना कुठला करार 'नेहमीचा' म्हणून लागतो, त्याचा नंबर, आणि पुढे पेन्सिलीने, "हा नको, व्याजाचं कलम जुनं", "हा देसाई प्रकरणानंतरचा, हाच द्यावा" अशा नोंदी (नाव मी बदललंय). रेडलाइन, तुम्ही विचारलेला तो रकाना. तो सगळा भरलेला होता, फक्त तिच्या खणात होता.

काय काय झालं ते सांगते. विषयाचा रकाना गेला. मॅटर, म्हणजे नव्या प्रकरणाची फाइल, उघडताना विभाग एकदा ठरलेलाच असतो, तोच आता आपोआप लागतो, ग्रंथपालताईंसारखे कप्पेही दोन केले. सेक्रेटरींना स्वतःचं लॉगिन मिळालं, त्यावर आयटीशी चार दिवस भांडण झालं. ती वही आम्ही दोघींनी बसून 'शेरा' मध्ये उतरवतोय, तिच्या नावाने. ती म्हणाली, पेन्सिलीचं पण टाका, तेच महत्त्वाचं आहे.

आमच्या 'काकां'कडे गेले आणि मसुदे न मागता वेळ मागितला. काम संपलं की दहा मिनिटांचा फोन, मी विचारणार, मीच लिहिणार, त्यांनी फक्त बोलायचं. पहिला फोन पन्नास मिनिटं चालला. शेवटी स्वतःच म्हणाले, थांब, तो मसुदा पाठवतो, त्याशिवाय तुला कळणार नाही. पाठवला. अट एकच, वर 'विचारल्याशिवाय वापरू नये' लिहायचं. लिहिलंय.

सगळं गोड नाही. दोन पार्टनरांना फोनलाही वेळ नाही. ग्रुपवरचे "अर्जंट" मेल तसेच येतात, फरक इतकाच की आता सेक्रेटरींपैकी कोणीतरी फाइल न जोडता लिंक पाठवते. आणि ॲडमिरल्टी पर्याय यादीतून उडवा म्हटलं तर आयटीवाले म्हणतात, त्यात कागद आहेत तोवर उडत नाही. रोज संध्याकाळी थोडे थोडे किनाऱ्याला लावतेय.

टंकनिका | रात्री १०:५८

त्या वहीवालीला माझा नमस्कार सांगा. माझ्याकडे दोन वह्या आहेत. आमच्याकडे अजून कोणी मागितल्या नाहीत.

जुनापुराणा | रात्री ११:१०

पन्नास मिनिटं? कमीच बोलले...

रेडलाइन | रात्री ११:४५

वही वाचून गप्प झालो. एकच प्रश्न राहिला, माझा मूळचा. तो दहा मिनिटांचा फोन असोसिएटने केला तर टाइमशीटवर कुठे लिहायचा?

अर्धवकील | रात्री ११:५२

केएमसाठी वेगळा कोड काढून तो वार्षिक तासांत धरावा, असा प्रस्ताव दिलाय. तो पार्टनर मीटिंगमध्ये अडकलाय. एक गट म्हणतो धरा, एक म्हणतो मर्यादा घाला, आणि दोघं म्हणतात असा कोड काढला तर लोक दिवसभर केएमच करतील. गुरुवारी पुन्हा मीटिंग आहे.

तिरकीनजर | रात्री ११:५४

गुरुवारसाठी परत रुमाल.